आगाऊ गाणं

डॉ. ओटोमार रूडलोफ काल्टेनरोडेला आले ते सहा महिन्यांसाठी. पक्षाने पाठवलं होतं, कामगारांमध्ये राहून शिकण्यासाठी. झालं असं की लाइपझिगच्या एका सभेत ते उठून म्हणाले, ट्रॅक्टर केंद्राच्या गौरवासाठी लिहिलेली नवी संगीतिका राजकीयदृष्ट्या चुकीची आहे, कारण ती वॉल्ट्झच्या ठेक्यात आहे, आणि वॉल्ट्झमध्ये माणूस गोल गोल फिरून पुन्हा तिथेच येतो. समाजवाद असा नसतो. मुद्दा बिनतोड होता. पण संगीतिका ज्याने लिहिली तो पहिल्या रांगेत बसला होता आणि त्याचा मेहुणा मंचावर. पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांना कळलं की कामगारांचं जीवन जवळून पाहण्याची त्यांना फार गरज आहे. सहा महिने उलटले तरी परत बोलवायचं कुणी नाव काढेना, कारण ज्याने पाठवलं होतं त्यालाच मधल्या काळात कुठेतरी जीवन जवळून पाहायला पाठवलं होतं. डॉक्टरांनीही विचारलं नाही. पक्ष कुणाला विसरत नाही, असं त्यांचं मत होतं. पक्ष त्यांना सपशेल विसरला होता.

माणूस मात्र पक्का. हिटलरच्या पहिल्याच वर्षी तुरुंगात जाऊन आलेला, मग पळून मँचेस्टरला. तिथे हे ग्रंथालयात बसून कामगारांच्या संगीताचा इतिहास लिहीत आणि बायको वाल्ली लोकांचे जिने पुसून त्या इतिहासाला जेवू घाली. युद्ध संपल्यावर पश्चिमेकडे बऱ्या जागा मिळत होत्या, गरम खोलीसकट. पण हे पूर्व जर्मनीत आले, थंड खोलीत, आणि याबद्दल पुढे कधी कुरकुर केली नाही. वाल्ली विणकराची मुलगी. पक्षाचं कार्ड तिचं नवऱ्यापेक्षा जुनं, आणि हे ती कधी बोलून दाखवत नसे. फक्त वर्षातून एकदा, कामगार दिनाला.

काल्टेनरोडे म्हणजे तांब्याची खाण. आमच्याकडे तांब्याचा थर इतका बारीक की त्याच्यासाठी माणूस उभा राहील एवढी जागा खोदणं परवडत नाही. खाणकरी एका कुशीवर आडवा पडून, मांडीला फळी बांधून सरपटत काम करतो. वीस वर्षं असं केलं की मान जी वाकडी होते ती होतेच. आमच्या गावातले सगळे जुने खाणकरी डावीकडे कललेले आहेत. बाहेरून पाहुणे आले की त्यांना हे आवडायचं. एकाने तसं भाषणात म्हटलंही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मान वाकडी ठेवूनच.

डॉक्टरांनी आल्या आल्या खाणीतली गाणी गोळा करायला घेतली. ती नव्हतीच. एमिल गाउडिग म्हणून आमच्यातला सगळ्यात जुना खाणकरी, त्याने त्यांना समजावून सांगितलं की खाली तोंड उघडलं की धूळ आत जाते, म्हणून तिथे कुणी बोलतसुद्धा नाही, गाणं तर लांबच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दुसरा एखादा असता तर गाशा गुंडाळून गेला असता. डॉक्टरांनी त्यावर चारशे पानी ग्रंथ लिहिला. त्यात मौन हे कामगार-गीताचं आद्य रूप आहे, असं एक लांबलचक प्रकरण आहे. गाउडिगला त्याची एक प्रत भेट मिळाली. तो म्हणाला, बरं लिहिलंय, बरीच पानं आहेत.

गाणं होतं ते जमिनीच्या वर. गावचं गायन मंडळ होतं, खाणकरी नि त्यांच्या बायका, आणि त्यांना शिकवणारा कुणी नव्हता. डॉक्टरांनी ताल दाखवायची छडी हातात घेतली. वाल्ली खालच्या आवाजात गाणाऱ्या बायकांच्या रांगेत उभी राहू लागली. मंडळाचा अध्यक्ष हार्टविग श्ट्रेबेल, खाणीचा लोहार. पक्षाच्या नियमाने सगळे कॉम्रेड एकमेकांना अरे-तुरे करणार, पण डॉक्टरकीचा मान ठेवल्याशिवाय कुणालाच राहवेना. मग दोन्हीची सांगड घातली: ‘डॉक्टर, तू जरा सरक.’ हेच पुढे शेवटपर्यंत चाललं.

आता आमची रीत सांगायला हवी. मंडळातला माणूस मेला की मंडळ त्याच्या थडग्याशी गातं. हे सगळीकडेच आहे. पण मेलेल्याला ऐकू येत नाही, ही गोष्ट आमच्या लोकांना पूर्वीपासून खटकते. ज्याच्यासाठी एवढा घसा कोरडा करायचा त्यालाच ऐकू जाणार नाही, म्हणजे वरात निघाली आणि नवरदेवाचा पत्ता नाही. म्हणून साठावा वाढदिवस जवळ आला की माणसाने आपलं गाणं निवडायचं आणि अध्यक्षाला सांगायचं. वाढदिवसाला ‘हिरवी माळ’ खानावळीच्या मोठ्या खोलीत मधोमध खुर्ची ठेवतात. त्यावर त्याने बसायचं, आणि मंडळ समोर उभं राहून, टोप्या काढून, अगदी थडग्याशी गाईल तसं गाणार. काही खटकलं तर सांगायची मुभा. मग बिअरचं पिंप. याला आगाऊ गाणं म्हणतात. पुढे मरेपर्यंत गाणं बदलताही येतं, पण बदलतं कोण? एकदा खुर्चीवर बसून ऐकलं की ते अंगाला बसतं.

डॉक्टरांना रीत फार आवडली. मृत्यूचं सामूहिक नियोजन, असं त्यांनी तिला नाव दिलं. पहिलं आगाऊ गाणं आलं ते एमिल गाउडिगचं. हा गाउडिग एकवीस सालच्या कामगारांच्या उठावात बंदूक घेऊन उभा राहिलेला, त्यासाठी शिक्षा भोगलेला. चर्चमध्ये गेला असेल तो फक्त छप्पर दुरुस्त करायला. त्याने निवडलं संध्याकाळचं स्तोत्र. चर्चचं, जुनं, पाच कडव्यांचं. दिवस मावळला, दिवा बारीक करा, कुणीतरी उशाशी बसा, असं काहीतरी त्यात आहे.

डॉक्टर त्याच्या घरी गेले. म्हणाले, कॉम्रेड गाउडिग, तुझा देवावर विश्वास आहे का? नाही, गाउडिग म्हणाला. मग स्वर्गावर? नाही. मग हे स्तोत्र कशाला?

गाउडिगने बराच विचार केला.

“खर्ज चांगला आहे त्यात,” तो म्हणाला.

आता एक गोष्ट वाल्लीला सोडून गावात कुणाला माहीत नव्हती. डॉक्टर हे चर्चच्या गवयाचे चिरंजीव. बाप एका खेड्यात ऑर्गन वाजवायचा आणि स्तोत्रं शिकवायचा, आणि हे संध्याकाळचं स्तोत्र रोज रात्री जेवण झालं की त्यांच्या घरात म्हटलं जायचं, पाचही कडवी. विशीत यांनी चर्च सोडलं, रीतसर, कचेरीत जाऊन सही करून. पुढच्या रविवारी हे पिशवी घेऊन घराबाहेर पडले तर चर्चमधून आवाज आला. बापाने सगळ्या गावाकडून स्तोत्र म्हणवून घेतलं होतं, संध्याकाळचं, भर सकाळी, गेलेल्या माणसासाठी म्हणतात तसं. ओटोमार रस्त्यावर उभे राहिले, तिसऱ्या कडव्यापर्यंत ऐकलं, आणि चालू लागले. बापलेक पुन्हा भेटले नाहीत. त्या दिवसानंतर डॉक्टरांच्या गळ्यातून ते स्तोत्र कधी निघालं नाही.

पण रीत ती रीत, आणि डॉक्टर लोकांच्या रीती मोडणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी मधला मार्ग काढला. गाउडिगच्या वाढदिवसाला त्यांनी सूर लावायचा नादकाटा गुडघ्यावर आपटला, बायका-पुरुषांच्या वरच्या-खालच्या चारही आवाजांना सूर दिला, छडी श्ट्रेबेलच्या हातात ठेवली आणि बाहेर जाऊन चिरूट ओढला. श्ट्रेबेल लोहार असल्यामुळे छडी घणासारखी मारायचा; त्यामुळे स्तोत्र थोडं लवकर संपलं. पुढे गाउडिग मेला तेव्हा स्मशानातही तेच. सूर देऊन डॉक्टर फाटकापाशी गेले, पाठ करून उभे राहिले, चिरूट संपेपर्यंत. मंडळाला पहिल्यांदा चमत्कारिक वाटलं. मग सवय झाली. स्तोत्र म्हटलं की डॉक्टर फाटकापाशी, हे ठरूनच गेलं.

मात्र डॉक्टर नुसते चिरूट ओढून गप्प बसणारे नव्हते. लोकांना स्तोत्र लागतं कारण दुसरं काही नाही, असं त्यांनी अनुमान काढलं, आणि त्या हिवाळ्यात बसून थडग्याशी गायचं नवं गाणं रचलं. शब्द त्यांचेच. त्यात देव नाही, स्वर्ग नाही, रडारड नाही. ‘तुझी कुदळ उचलली आम्ही, तू झोप, आम्ही निघालो’ असं धृपद. चाल अशी की ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलतात. खोटं कशाला सांगा, गाणं खरंच चांगलं आहे. जिल्ह्याला त्याला बक्षीस मिळालं, बर्लिनला छापलं, डॉक्टरांना तिसऱ्या दर्जाचं पदक आलं. आमच्या मंडळाला ते इतकं आवडलं की आम्ही ते सगळीकडे गायलो: कामगार दिनाला, महिला दिनाला, नवा पोहण्याचा तलाव उघडला तेव्हा, आणि एकदा श्ट्रेबेलच्या पुतणीच्या लग्नात, जिथे नवरा मुलगा जरा गोंधळला.

थडग्याशी मात्र एकदाही नाही. दर वर्षी दोघे-तिघे साठीला येत. दर वेळी डॉक्टर आशेने श्ट्रेबेलकडे पाहत, आणि श्ट्रेबेल खाली पाहत सांगे: स्तोत्र. किंवा शिकाऱ्यांचं गाणं. एकाने तर दारूचं गाणं निवडलं, आणि ते थडग्याशी गाताना त्याच्या विधवेला मधेच हसू फुटलं. पण डॉक्टरांचं गाणं कुणी निवडेना. भेटल्यावर सगळे म्हणत, काय गाणं आहे, डॉक्टर, वा. साठीला आले की मूग गिळून बसत.

एकदा जमल्यासारखं झालं. पक्षाचा गावातला सेक्रेटरी लेम्पके साठीला आला, आणि पद पाहता त्याला दुसरं काही निवडणं शक्यच नव्हतं. खुर्चीवर बसून त्याने ते गाणं ऐकलं, उठून डॉक्टरांचा हात हातात घेतला, म्हणाला, कॉम्रेड, याच गाण्याने मला या मातीत ठेवा. डॉक्टरांचे डोळे भरून आले. सीमा बंद व्हायच्या आदल्या महिन्यात लेम्पके पश्चिमेला पळाला. कळतं ते असं की अजून धडधाकट आहे.

डॉक्टरांची स्वतःची साठी मधेच होऊन गेली होती. त्यांनी अर्थातच आपलंच गाणं निवडलं, आणि खुर्चीवर बसल्या बसल्या हाताने ताल देत पुरुषांच्या वरच्या आवाजाच्या चुका काढल्या. ते काही धरायचं नाही. थडग्याशी ते आपल्याला ऐकू येणार नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांना दुसऱ्या कुणाच्या तरी थडग्याशी ते ऐकायचं होतं. एकदाच. लहान इच्छा होती, पण माणूस तिच्यापायी झुरत होता, आणि हे त्यांच्या घरात कळत होतं.

मग वाल्लीची साठी आली.

डॉक्टरांनी तिला विचारलंसुद्धा नाही. मंडळाकडून आपलं गाणं पुन्हा घोटून घ्यायला सुरुवात केली, कारण दुसऱ्या कडव्यात बायकांचा खालचा आवाज सैल पडतो आणि त्या दिवशी वाल्ली खुर्चीवर असल्यामुळे तो आणखी सैल पडणार होता. आठवडाभर आधी दुपारी ती स्वयंपाकघरात उकडलेले बटाटे सोलत बसली होती, गोळे करायला, आणि हे समोर वर्तमानपत्र वाचत होते.

“ओटो, मी श्ट्रेबेलला सांगितलं,” ती म्हणाली. “संध्याकाळचं स्तोत्र.”

डॉक्टरांनी पेपर खाली ठेवला. तोंडात मारल्यासारखं झालं त्यांना. तोंडून निघालं ते भलतंच.

“तुझं कार्ड माझ्यापेक्षा जुनं आहे, वाल्ली.”

“हो ना. म्हणून तर मला चालतं.”

मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो इतक्या वर्षांत गावात एकालाही विचारला नव्हता. माझ्या गाण्यात वाईट काय आहे, म्हणाले. वाल्लीने बटाटा खाली ठेवला आणि हात फडक्याला पुसले.

“वाईट काहीच नाही. चांगलं आहे. पण त्यात मेलेल्या माणसापाशी कुणी थांबत नाही, ओटो. ‘तू झोप, आम्ही निघालो.’ अरे, माती अजून ओली आहे नि निघालात पण? जन्मभर अंधारात कुशीवर पडून दगड फोडले त्याने. जरा बसाल की नाही त्याच्याजवळ?”

डॉक्टर म्हणाले की गाणं भविष्याबद्दल आहे. वाल्ली म्हणाली की भविष्य कुठे पळून चाललंय, दोन कडवी थांबेल की. मग डॉक्टरांचा आवाज चढला. वीस वर्षं ज्या गोष्टीशी झगडलो ती माझ्याच घरात शिरली, माझ्याच बायकोने हात दाखवून अवलक्षण केलं, लोक काय म्हणतील, जिल्हा काय म्हणेल. वाल्लीने सगळं ऐकून घेतलं. तिला चर्चसमोरच्या रस्त्यावरच्या त्या पिशवीवाल्या पोराबद्दल सगळं माहीत होतं, आणि तो विषय तिने काढला नाही.

“मला तुझं गाणं नको असं नाही,” ती शेवटी म्हणाली. “मला तू हवा आहेस. त्या दिवशी बाहेर जाऊ नकोस. आत थांब. एवढंच.”

ते थांबले नाहीत. वाल्ली निळा पोशाख घालून खुर्चीवर बसली, डॉक्टरांनी चारही आवाजांना सूर दिला, छडी श्ट्रेबेलला दिली, आणि हिरव्या माळेच्या मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले. मार्चचा वारा होता, चिरूट पेटेना. खिडकीतून वाल्लीची पाठ दिसत होती. श्ट्रेबेलने त्या दिवशी घण नाही मारला, सावकाश घेतलं, आणि त्यामुळे बाहेर उभं राहणं जास्तच लांबलं. वाल्लीने वळून पाहिलं नाही. नंतर सगळ्यांबरोबर तिने बिअर घेतली, कांद्याचा केक वाढला, कुणीतरी विचारलं काही खटकलं का, तर म्हणाली, नाही, छान झालं. घरीही विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या वर्षीही नाही. बोलली असती तर भांडण झालं असतं आणि मिटलं असतं. न बोलल्यामुळे ते तसंच राहिलं, घरात एखादी जास्तीची खुर्ची असावी तसं, येता-जाता गुडघ्याला लागणारं.

पुढची काही वर्षं नेहमीसारखी गेली. डॉक्टरांनी ग्रंथाचा दुसरा खंड लिहिला. लोक साठीला येत राहिले, स्तोत्र निवडत राहिले, डॉक्टर फाटकापाशी जात राहिले. फक्त ते आता पूर्वीपेक्षा जवळ उभे राहतात, असं काही बायकांचं म्हणणं होतं. मग एका उन्हाळ्यात वाल्ली खंगू लागली. पोटात काहीतरी होतं. डॉक्टर मंडळींनी, म्हणजे खऱ्या डॉक्टरांनी, पोट उघडलं आणि पुन्हा शिवलं. सगळं कळलेली माणसं जशी वागतात तशी ती दोघं वागू लागली, म्हणजे रोजच्यासारखीच. ते तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. ती म्हणायची, पुढचं वाच, हे कालचंच आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती गेली.

गाडायच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी काळा कोट घातला, नादकाटा खिशात टाकला, आणि चिरुटांची डबी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. उचलली, पुन्हा ठेवली. आज फाटकापाशी जायचं नाही, हे त्यांनी रात्रीच ठरवलं होतं. जे तिने जिवंतपणी मागितलं होतं ते आता द्यायचं, ऐकायला ती नाही तर नाही. उशीर झालाय हे त्यांना समजत होतं. लहान मूल नव्हते ते. तरी डबी टेबलावर राहिली.

स्मशानात सगळं मंडळ उभं होतं, डावीकडे कललेलं, टोप्या हातात. बायकांच्या रांगेत वाल्लीची जागा मोकळी सोडली होती. पक्षातर्फे नव्या सेक्रेटरीण बाई बोलल्या. चांगलं बोलल्या, थोडक्यात. मग डॉक्टर पुढे आले आणि नादकाटा काढला. तेवढ्यात श्ट्रेबेल त्यांच्या कानाशी आला. एवढा दांडगा लोहार, पण त्याला गुपित कधी पेलता आलं नाही. महिनाभर सांभाळलेलं हे पहिलंच.

“डॉक्टर, वाल्लीने बदललं,” तो म्हणाला. “ऑक्टोबरात मी भेटायला आलो होतो ना, तेव्हा. तुझं गाणं म्हणा म्हणाली. आम्ही तेच घोटलंय.”

डॉक्टरांनी नादकाटा खाली घेतला.

“का?” त्यांनी विचारलं.

श्ट्रेबेलने टोपी हातातल्या हातात फिरवली. “म्हणाली, स्तोत्र म्हटलंत तर तो फाटकापाशी जाईल. त्याचं गाणं म्हटलंत की त्याला थांबावंच लागेल.”

इतक्या वर्षांची इच्छा समोर आली होती. मंडळ तयार होतं, दुसरं कडवंसुद्धा पक्कं झालं होतं. डॉक्टर नादकाटा हातात धरून उभे होते, आणि त्यांच्या नाकावरून पाणी गळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. वाल्ली हरली होती आणि त्यांना जिंकवून गेली होती. असं जिंकल्याची लाज वाटते, आणि ती त्यांच्या तोंडावर सगळ्यांना दिसली.

“स्तोत्र,” ते म्हणाले.

“पण ती म्हणाली—”

“ऐकलं मी. स्तोत्र घ्या. आणि सावकाश.”

त्यांनी नादकाटा गुडघ्यावर आपटला, चारही आवाजांना सूर दिला, आणि छडी कुणाला दिली नाही. गावातले सगळे जण फाटकाकडे पाहत होते, सवयीने. डॉक्टर जागचे हलले नाहीत. हात उचलला, आणि स्तोत्र सुरू झालं.

आमच्या मंडळाला तीनच कडवी येतात. जुन्या कागदावर तेवढीच उतरवलेली होती आणि तेवढीच पुरेशी वाटत आली. तिसरं संपलं, मंडळ थांबलं, कुणीतरी खोकलं. डॉक्टरांचा हात खाली आला नाही. ते पुढे गाऊ लागले, चौथं कडवं, एकटेच. त्यांचा गाण्यातला आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. ते नेहमी दुसऱ्यांकडून गाऊन घ्यायचे. म्हाताऱ्या माणसाचा आवाज, पण शिकवलेला, रोज रात्री जेवणानंतर कुणीतरी शिकवलेला. दुसऱ्या ओळीला खाणकरी हळूच खालून मिळाले. त्यांना शब्द येत नव्हते. खर्ज येत होता. तोंड मिटून त्यांनी तेवढाच धरला, आणि त्याच्यावर डॉक्टर पाचव्या कडव्याच्या शेवटापर्यंत गेले. मग छडी खिशात ठेवली आणि तिथेच उभे राहिले. आम्ही हिरव्या माळेत जाऊन कॉफी नि केक संपवला तरी ते आले नव्हते. शेवटी श्ट्रेबेल जाऊन घेऊन आला.

पुढच्या आठवड्यात सेक्रेटरीण बाई घरी आल्या. वाईट हेतूने नाही. पण जिल्ह्याला कळवावं तर लागतं. म्हणाल्या, कॉम्रेड रूडलोफ, तुझ्यासारख्या माणसाने, पदक मिळालेल्या, चर्चचं स्तोत्र, तेही पाचही कडवी. मी काय लिहू?

डॉक्टरांनी बराच विचार केला.

“लिही की खर्ज चांगला आहे त्यात,” ते म्हणाले.

बाईंनी तसंच लिहिलं. जिल्ह्याकडून काही उत्तर आलं नाही. जिल्हा त्यांना केव्हाचाच विसरला होता.

डॉक्टर त्यानंतर आणखी काही वर्षं जगले. पुन्हा कधी कुणाच्या स्तोत्राला फाटकापाशी गेले नाहीत. श्ट्रेबेलने एकदा विचारलं की डॉक्टर, तुझंही बदलू का मग? तर चिडले. म्हणाले, अजिबात नाही, माझं ते माझं, निदान एकाने तरी ते घ्यायला हवं. म्हणून ते गेले तेव्हा आम्ही त्यांचंच गाणं गायलो, एकदाचं, थडग्याशी. चांगलं झालं. बायकांचा खालचा आवाजही सैल पडला नाही. चालच अशी आहे की शेवटच्या ‘आम्ही निघालो’ला पाय आपोआप वळतात. त्या दिवशी ‘आम्ही निघालो’ म्हणून झालं, आणि कुणी निघालं नाही. खाली दोघं शेजारी शेजारी होती. अंधार पडायला लागल्यावर श्ट्रेबेलने टोपी घातली, तेव्हा आम्ही निघालो.